प्लेड आणि टायकन टर्बो जीटी: १.९९ सेकंद हा २.२ पेक्षा खरंच कमी वेळ आहे का?

मापनिष्ठ:

टेस्ला मॉडेल एस प्लेड आणि पोर्श टायकन टर्बो जीटी यांचा विषय निघाला की दोन आकडे शेजारी ठेवले जातात आणि तिथेच निकाल लागतो. टेस्ला १.९९, पोर्श २.२, म्हणून टेस्ला वेगवान. माझं म्हणणं असं की हे दोन आकडे एका रांगेत बसतच नाहीत. एकाच मापाने मोजलं तर १०० पर्यंत पोर्श थोडी पुढेच निघते.

आधी गाड्या स्पष्ट करतो. प्लेड २०२१ पासून रस्त्यावर आहे: पुढे एक, मागे दोन अशा तीन मोटर, १,०२० हॉर्सपॉवर, वजन २,१६२ किलो. कंपनीचे दावे ०–६० मैल १.९९ सेकंद आणि कमाल वेग ३२२ किमी/तास. टर्बो जीटी मार्च २०२४ मध्ये आली. तिच्या वाइसाख पॅकेजवाल्या रूपात मागची सीट काढलेली आहे, वजन २,२२० किलो. दावे ०–१०० किमी २.२ सेकंद, ०–२०० किमी ६.४ सेकंद, कमाल ३०५.

आता फरक कुठे आहे ते पाहा. ताशी ६० मैल म्हणजे ताशी ९६.५६ किमी. वेग उरलेला साडेतीन किमी/तास वाढवायला प्लेडसारख्या गाडीलाही ०.०८ सेकंद लागतात. दुसरी आणि मोठी गोष्ट रोलआउट. टेस्लाच्या आकड्यात पहिला एक फूट, म्हणजे ३०.४८ सेंमी, धरलेलाच नाही. साधारण १.१ जी प्रवेगाने (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग) हा फूट ओलांडायला ०.२४ सेकंद लागतात आणि तोवर गाडी ९ किमी/तासावर पोचलेली असते. म्हणजे घड्याळ शून्यापासून नाही, ९ पासून सुरू होतं. दोन्ही मिळवा: १.९९ + ०.२४ + ०.०८ = २.३१. पडताळा हवा असेल तर टेस्लाचाच युरोपातला ०–१०० चा आकडा घ्या, २.१ सेकंद, तोही रोलआउट वगळून. त्यात ०.२४ मिळवले की २.३४. दोन्ही वाटांनी २.३ च्या आसपासच येतं.

तिसरी गोष्ट पृष्ठभाग. १.९९ हा आकडा ड्रॅग स्ट्रिपच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, चिकट लेप दिलेल्या पट्टीवरचा आहे. 'मोटर ट्रेंड'ने प्लेडची चाचणी घेतली तेव्हा लेपावर १.९८ मिळाले आणि साध्या डांबरावर २.०७, दोन्ही रोलआउट वगळून.

चौथाई मैल:

गणित बरोबर, पण त्यातून काढलेला सूर मान्य नाही. रोलआउट म्हणजे कुणी केलेली लबाडी नाही. ड्रॅग स्ट्रिपवर पुढचं चाक प्रकाशाच्या किरणात उभं असतं, ते किरणातून बाहेर पडलं की घड्याळ चालू होतं. चाक किरणातून सुटेपर्यंत जे अंतर जातं तेच हे एक फूट. अमेरिकेतली सगळी मोटर मासिकं अनेक दशकं असंच मोजत आली आहेत आणि पेट्रोल गाड्यांचे जुने आकडेही त्याच मापाचे आहेत. टेस्लाने तळटीप देऊन आपल्या देशातली पद्धत वापरली.

रोलआउट दोन्ही गाड्यांना लावा ना. 'कार अँड ड्रायव्हर'च्या हाती प्लेडने ०–६० मैल २.१ दिले, वाइसाखवाल्या टर्बो जीटीने १.९. हा आकडा मी लपवत नाही, पोर्श इथे पुढे आहे. पण पुढे आहे ती कोणती गाडी? मागची सीट काढलेली, ट्रॅकसाठी बनवलेल्या पिरेली ट्रोफिओ आरएस टायरवर उभी, तीन वर्षांनंतर आलेली, अमेरिकेत आली तेव्हा २,३०,००० डॉलरपासून सुरू होणारी. प्लेड आली तेव्हा १,२९,९९० डॉलरला होती. पाच माणसं आणि सामान मावणारी ही गाडी पाव मैल ९.२३ सेकंदांत जाते असा कंपनीचा दावा आहे. दोन दशांशांसाठी एक लाख डॉलर जास्त मोजून मागची सीटही द्यायची असेल, तर त्याला विजय म्हणायला मी तयार नाही.

व्होल्टमीटर:

तुम्ही दोघंही ०–१०० वर भांडताय, आणि या दोन गाड्यांबद्दल तो आकडा सगळ्यात कमी सांगतो. कारण १०० पर्यंत मोटरची परीक्षा होतच नाही, टायरची होते.

चारही चाकांवर जोर देणारी गाडी चांगल्या टायरवर साधारण १.२ जी पर्यंत प्रवेग घेऊ शकते. चालकासकट २,२५० किलो धरा: २,२५० × १.२ × ९.८१ म्हणजे सुमारे २६,५०० न्यूटन. प्लेडची ताकद ७६० किलोवॅट. वाटेतला तोटा वजा करून चाकांवर ६८०-६९० पोचतात. भागाकार केला की सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ९३ किमी/तास. या वेगाखाली मोटरकडे टायर पेलू शकतील त्यापेक्षा जास्त जोर आहे आणि संगणक तो रोखून धरतो. खाली १,००० हॉर्सपॉवर असोत की १,३००, वेळ तीच.

ताकदीचा खरा हिशोब त्यापुढे सुरू होतो. आणि इथे योगायोग बघा, लाँच कंट्रोलमध्ये (थांबलेल्या गाडीतून पूर्ण जोराने सुटण्याच्या सोयीत) टर्बो जीटीची ताकदही ७६० किलोवॅटच आहे. पोर्शच्या पत्रकातले ८१५ किलोवॅट फक्त दोन सेकंदांच्या मोजणीतले. तिची रोजची ताकद ५८० किलोवॅट. चालत्या गाडीत 'अटॅक मोड'ची कळ दाबली तर १० सेकंद आणखी १२० मिळतात, म्हणजे ७००. प्लेडला वेगळी कळ नाही, पेडल दाबलं की जे आहे ते सगळं.

म्हणून मी १०० ते २०० पाहतो. पोर्शच्याच आकड्यांवरून ६.४ वजा २.२, म्हणजे ४.२ सेकंद. चालकासकट २,३०० किलो या वेगपट्ट्यात न्यायला २.६६ मेगाज्यूल लागतात. ४.२ ने भागा: चाकांवर सरासरी ६३० किलोवॅट, वाऱ्याचा विरोध वेगळा. ७६० च्या मोटरसाठी हे सुसंगत आहे, म्हणजे पोर्शचा हा दावा खराच असणार.

घाटमाथा:

पण पोर्शची बॅटरी ८०० व्होल्टची आहे, प्लेडची ४०० च्या आसपास. तेवढ्याच ताकदीला निम्मा करंट, म्हणजे एक चतुर्थांश उष्णता. त्यामुळेच पोर्श एकामागून एक दहा लाँच करू शकते आणि टेस्ला दमते. हा मुद्दा कुणीच का मांडत नाही?

व्होल्टमीटर:

@घाटमाथा, हा समज खूप पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ७६० किलोवॅटला ४०० व्होल्टवर १,९०० अँपियर लागतात, ८०० वर त्याच्या निम्मे. केबल, फ्यूज, कॉन्टॅक्टर यांच्यापुरतं तुमचं बरोबर आहे, तिथे उष्णता चतुर्थांश होते. पण सेलच्या आत तसं होत नाही. ८०० व्होल्टच्या पॅकमध्ये दुप्पट सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि बाजूबाजूने निम्मे. एकूण सेल तेवढेच, प्रत्येक सेलमधून जाणारा करंट तेवढाच, म्हणून प्रत्येक सेलची उष्णताही तेवढीच. बॅटरी तापते ती मुख्यतः सेलमध्ये.

पोर्शची पुन्हापुन्हा तेवढीच ताकद देण्याची क्षमता वेगळ्या कारणांनी आहे: थंडाव्याची मोठी व्यवस्था, मागच्या मोटरसाठी सिलिकॉन कार्बाइडचा ९०० अँपियरचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तशी बदलून देणारा भाग (टायकनच्याच टर्बो एसमध्ये तो ६०० चा होता), आणि मुळात नेहमीची ताकद ५८० वर बांधून ठेवणं. शेवटचं कारण सगळ्यात मोठं. गरज नसताना पोर्श बॅटरीला तेवढं पिळतच नाही.

टायरवाला:

लाँच नेमकं कसं करतात ते इथे लिहून ठेवायला हवं, कारण चुकीच्या तयारीने घेतलेले व्हिडिओ पुरावा म्हणून फिरतात.

प्लेडमध्ये स्क्रीनवरून 'ड्रॅग स्ट्रिप मोड' लावायचा. गाडी बॅटरी गरम करते आणि मोटर थंड करते. हवामानानुसार दहा-पंधरा मिनिटं जातात. तयार असल्याचा संदेश येईपर्यंत थांबायचं. मग डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजव्या पायाने दुसरं पेडल तळापर्यंत. सस्पेन्शन पुढून खाली बसतं, त्याला काही सेकंद लागतात. ते बसल्यावरच ब्रेक सोडायचा. पुढचं नाक खाली ठेवण्याचं कारण असं की जोर लागताच गाडीचं वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होऊन घसरतात. मोड न लावता थेट पेडल दाबलं तर गाडी तरीही भयंकर पळते, पण तो १.९९ चा आकडा नव्हे.

टायकनमध्ये स्पोर्ट प्लस, डावा पाय ब्रेकवर, उजवा तळापर्यंत, आणि ब्रेक एका झटक्यात सोडायचा. पंधरा मिनिटांची पूर्वतयारी लागत नाही. बॅटरी मात्र गरम आणि बऱ्यापैकी भरलेली हवी. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, निम्म्याखाली आला की ३.६-३.७. करंटची मर्यादा तीच राहते, म्हणजे ताकद तेवढ्याच प्रमाणात, १२-१४ टक्के पडते. थंड सेलचा आतला विरोध वाढतो, मग भरलेल्या बॅटरीतही व्होल्टेज दाबाखाली कोसळतो. या दोन्ही गाड्यांचे ९५ टक्के आणि ४० टक्के चार्जवरचे आकडे मिसळून तुलना करणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नये.

टायरचा दाब थंड असताना मोजा. दोन-तीन लाँचनंतर दाब चढतो, टेकणारा पृष्ठभाग आक्रसतो, आणि मग 'गाडी दमली' असं म्हटलं जातं. दमलेला असतो टायर.

मापनिष्ठ:

@चौथाई मैल, किमतीचा मुद्दा खरा आहे, पण प्रश्न किमतीचा नव्हता. आणि कमाल वेगात तर प्लेडची बाजू आणखी कमजोर आहे. ३२२ हा आकडा शोरूममधून निघालेल्या गाडीचा नाहीच. सुरुवातीच्या गाड्या सॉफ्टवेअरने २६२ ला अडवलेल्या होत्या. ३२२ साठी कार्बन-सिरॅमिक ब्रेकचा किट, ठरावीक चाकं आणि टायर वेगळे विकत घ्यावे लागतात. टर्बो जीटी घेतली की २९० आणि वाइसाख घेतली की ३०५, वर काही बसवावं लागत नाही.

टायरवाला:

ती अडवणूक योग्यच होती. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २,२५० किलोची गाडी १०० वर असताना ब्रेकला ०.८७ मेगाज्यूल पचवावे लागतात, ३२२ वर ९. दहापट ऊर्जा, तीही एका दमात. लोखंडी डिस्क तापून पॅडची पकड सुटते, ब्रेकचं तेल उकळून पेडल मऊ पडतं. रिजन (मोटरने ब्रेक लावून बॅटरीत वीज परत भरणं) मदतीला येत नाही, कारण तेवढ्या वेगाने तेवढी ताकद बॅटरी परत घेऊच शकत नाही.

आणि टायर: डब्ल्यू दर्जाचा २७० पर्यंत, वाय दर्जाचा ३०० पर्यंत, त्यापुढे कंसातला वाय. वाय दर्जाच्या टायरवरही २७० नंतर भार कमी धरावा लागतो, ३०० ला ८५ टक्के. सव्वादोन टनांच्या गाडीला हा हिशोब फार जवळून जातो. टायरच्या कडेवरचा भारांक न वाचता वेगमर्यादा उठवणारं सॉफ्टवेअर बसवणं हे जिवाशी खेळणं आहे. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय.

गिअर क्रमांक दोन:

कमाल वेगाची खरी गोष्ट अजून आलीच नाही. वाऱ्याला तोंड द्यायला किती ताकद लागते? प्लेडचा वायुरोध गुणांक ०.२०८, समोरचं क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीच चौरस मीटरच्या दरम्यान. ३२२ वर हवा साधारण २१० किलोवॅट खाते, टायरचं घर्षण धरून २४०. गाडीकडे आहेत ७६०. म्हणजे ३२२ ला ताकद कमी पडत नाही, मग कमी काय पडतं? मोटरचे फेरे.

टायकन टर्बो एस घ्या, तिथे हे स्वच्छ दिसतं. मोटर मिनिटाला १६,००० फेऱ्यांपर्यंत जाते. मागच्या धुऱ्यावर दोन गिअर, पहिल्याचं गुणोत्तर साधारण १५.५, दुसऱ्याचं ८.०५. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर २६० किमी/तासाला चाक मिनिटाला १,९७० वेळा फिरतं. गुणिले ८.०५, उत्तर १५,८५०. टर्बो एसचा कमाल वेग २६० च का, याचं उत्तर इथे आहे. ३०५ गाठायचे तर गुणोत्तर तरी बदला किंवा फेरे तरी वाढवा.

टेस्लाने दुसरी वाट धरली. गिअर एकच, पण रोटरवर (मोटरच्या फिरणाऱ्या भागावर) कार्बन फायबरचा ताणून गुंडाळलेला पट्टा, म्हणून मोटर २०,००० च्या वर फिरवता येते. पट्टा नसता तर केंद्रोत्सारी जोराने रोटर फुगून त्यातली चुंबकं बाहेर पडायला लागतात. पोलादी कवच घालता येतं, पण त्यात भोवरा प्रवाह निर्माण होऊन उष्णता वाढते. कार्बनचा पट्टा पातळ राहतो, त्यामुळे रोटर आणि स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) यांच्यामधली फटही लहान ठेवता येते.

माझं मत टेस्लाच्या बाजूने आहे. गिअरबॉक्स म्हणजे वजन, क्लच, तेल आणि बदलताना क्षणभर तुटणारा जोर. एका गिअरने ० ते ३२२ एकसंध ओढणं ही जास्त अवघड आणि जास्त सुंदर कारागिरी आहे.

घाटमाथा:

सुंदर असेल, पण जर्मनीत ऑटोबानवर २०० ने तासभर जाणाऱ्याला दुसरा गिअर उपयोगी पडतो. लांब गिअरमध्ये मोटर हळू फिरते, लोखंडातला तोटा कमी होतो. शिवाय पहिल्या गिअरमुळे कमी करंटमध्ये चाकावर तेवढाच जोर मिळतो, म्हणजे लाँचला इन्व्हर्टर कमी तापतो. पोर्शने गिअर हौसेने घातलेला नाही.

चौथाई मैल:

@गिअर क्रमांक दोन +१.

@मापनिष्ठ, किटचा मुद्दा मान्य. पण मग वाइसाखचे ३०५ हे पाच सीटच्या गाडीच्या शेजारी का ठेवता? साध्या टर्बो जीटीचे २९० ठेवा.

मापनिष्ठ:

ठेवले २९०. तरी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या वळणावळणाच्या ट्रॅकचं काय? २०.८ किलोमीटरची फेरी प्लेडने २०२३ मध्ये, तोच ब्रेक-टायरचा ट्रॅक पॅक लावून, ७ मिनिटं २५.२३१ सेकंदांत केली. टर्बो जीटी वाइसाखची २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झालेली वेळ ७:०७.५५. अठरा सेकंदांचं अंतर आहे.

चौथाई मैल:

ते वळणांचं माप आहे, धागा प्रवेग आणि कमाल वेगाचा आहे. शिवाय पोर्शची ती गाडी उत्पादनपूर्व होती, आत सुरक्षा पिंजरा बसवलेला.

सह्याद्री:

तांत्रिक नाही, व्यवहाराचं विचारतो. यातलं काही आपल्याकडे तपासून बघता येईल का? समृद्धीवर मर्यादा १२०, मुंबई-पुणे द्रुतगतीवर १०० आणि घाटात ६०.

टायरवाला:

@सह्याद्री, रस्त्यावर अजिबात नाही. २.३ सेकंदांत १०० गाठणारी गाडी वाटेत आलेल्या कुणालाही सावरायला वेळ देत नाही. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरची अंडाकृती धावपट्टी, वळणं अशी तिरकी बांधलेली की २५० पर्यंत स्टिअरिंगवर बाजूचा जोर येत नाही, आणि आराखडा ३७५ चा. महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफरिना बाटिस्टाने तिथेच पाव मैल ८.५५ सेकंदांत पार केला. मोजणारं यंत्र सेकंदाला दहा नोंदी घेणारं नको, शंभर घेणारं हवं. दहा नोंदींत प्रत्येक नोंद ०.१ सेकंदाची, आणि आपण इथे त्याहून लहान फरकावर बोलतोय.

व्होल्टमीटर:

तुलना करायचीच असेल तर माझ्या अटी अशा. एकाच दिवशी, एकाच पट्टीवर, दोन्ही दिशांनी. एक टक्का उतारसुद्धा सेकंदाला ०.१ मीटर/सेकंदाचा फायदा देतो, म्हणून दोन्ही दिशांची सरासरी. ०–१०० रोलआउटशिवाय आणि रोलआउटसह, दोन्ही नोंदवायचे. १००–२०० वेगळं. चार्ज ९० टक्क्यांवर एकदा आणि ५० टक्क्यांवर एकदा. प्रत्येक धावेआधी बॅटरीचं तापमान लिहायचं, आणि पाच धावा लागोपाठ, मध्ये थंड व्हायला वेळ न देता. पाचव्या धावेचा आकडा पहिल्याच्या शेजारी छापायचा.

कमाल वेगासाठी तर कालावधीही लिहा. ३२२ वर २४० किलोवॅट खर्च होत असतील तर ९५ युनिटची बॅटरी २४ मिनिटांत संपेल. आणि तापून ताकद कमी होणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होईल.

मापनिष्ठ:

मला या अटी मंजूर. पाचव्या धावेत पोर्श पुढे असेल, हे मी आजच लिहून ठेवतो.

चौथाई मैल:

मलाही मंजूर, एक अट वाढवून. टायर दोन्हींना एकाच प्रतीचे हवेत. ट्रोफिओ आरएस विरुद्ध प्लेडचे रस्त्यावरचे पायलट स्पोर्ट ४एस अशी धाव लावली तर ती टायरची शर्यत होईल, आणि त्यातून निघालेला दशांश मी पोर्शच्या खात्यात धरणार नाही.